किरणोत्साराची तपासणी: यंत्राला दोष देण्याआधी या चुका टाळा

पुण्यात पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्याकडे एक फोन ठरलेला. ‘मॅडम, मीटरचं रीडिंग एकदम चढलंय. सोर्स गळतोय का?’ सोर्स म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची बंद कुपी. मी आधी विचारते, कुठे मोजलंत? हवेत रेडॉन हा नैसर्गिक किरणोत्सारी वायू थोडा कायम असतो. त्यापासून तयार होणारे शिसं-214 आणि बिस्मथ-214 धुळीला चिकटून तरंगतात आणि सरीबरोबर जमिनीवर उतरतात. त्यांची अर्धायुष्यं, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, साधारण 27 आणि 20 मिनिटांची. त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उघड्यावरचं रीडिंग आपोआप उतरतं. एकाच जागी जास्त दिसत असेल, किंवा आसपास खरोखरच सोर्स असेल, तर मात्र वाट बघू नका. आधी माणसं लांब करा, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा, कारण मग शोधा. भोसरी-चाकणला भंगार हाताळणाऱ्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-60 ने एका माणसाचा जीव घेतला होता.

दाब कुठला घेताय?

पुण्यातली सगळ्यात लपलेली चूक हवेच्या दाबाची. रुग्णालयांत वापरतात त्यातले बरेच आयन चेंबर (किरणांनी हवेत तयार झालेले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, मोजणारी उपकरणं) बाहेरच्या हवेला खुले असतात. त्यांच्या प्रमाणपत्रावरचा गुणक, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा, ठरावीक तापमान आणि 1013.25 मिलिबार दाब धरून दिलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, इथला दाब 950 च्या आसपास. चेंबरमध्ये हवाच कमी, म्हणून आयनही कमी. नुसत्या दाबापोटी रीडिंग सहा-साडेसहा टक्के कमी येतं, आणि खोली गरम असेल तर आणखी कमी.

दुरुस्ती सोपी आहे. 1013.25 ला इथल्या दाबाने भागायचं. खोलीचं तापमान केल्विनमध्ये घेऊन प्रमाणपत्रातल्या तापमानाने, तेही केल्विनमध्येच, भागायचं. दोन्ही उत्तरांनी रीडिंगला गुणायचं. चूक होते ती दाब मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरून घेताना. अ‍ॅपमध्ये दिसतो तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीवर आणलेला दाब, हजाराच्या वरचा. तो आकडा घातला की कागदावर दुरुस्ती होते, प्रत्यक्षात काहीच होत नाही. आपल्या सिमला ऑफिसमधली हवामान खात्याची वेधशाळाही स्थानकावरचा दाब आणि समुद्रसपाटीचा दाब वेगवेगळा धरते. आपल्याला हवा स्थानकावरचा. सरळ खोलीतच बॅरोमीटर ठेवा. आणि सीलबंद चेंबरला किंवा जीएम ट्यूबला (गायगर-म्युलर मीटरमधली बंद नळी) ही दुरुस्ती लावू नका. तसं केलेले अहवालही मी पाहिलेत.

जीएम मीटरचा धोका वेगळाच. सिझियम-137 च्या 662 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर (किरणांच्या ऊर्जेचं एकक) कॅलिब्रेट केलेला मीटर घेऊन कुणी एक्स-रे खोलीत उभं राहतं. सेकंदाच्या अंशभर चाललेल्या एक्सपोजरला काटा धड हलत नाही, आणि ‘खोली सुरक्षित’ असा शेरा पडतो. ऊर्जा वेगळी, वेळ अपुरा. त्या शेऱ्याला काहीच अर्थ नाही. फार तीव्र क्षेत्रात तर काही जीएम मीटर गुदमरून शून्य दाखवतात. म्हणून मीटर बाहेरच चालू करा आणि काट्यावर नजर ठेवत आत जा.

नमुन्यांचं काय चुकतं

दूध पावडर निर्यात करणाऱ्याला सिझियमचा अहवाल लागतो. पोत्याच्या तोंडावरची मूठभर पावडर म्हणजे नमुना नव्हे. वेगवेगळ्या पोत्यांतून थोडी थोडी घ्या, एकत्र कालवा, आणि भांडं कॅलिब्रेशनच्या वेळी जितकं भरलं होतं तितकंच भरा. पावडर पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून किरण कमी अडवते. सिझियमच्या 662 वर (हे आणि पुढचे ऊर्जेचे आकडे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये) त्याने फरक थोडाच पडतो, पण शिसं-210 च्या 46 वर उत्तरच बदलतं.

एकूण काउंट्स, म्हणजे डिटेक्टरने टिपलेल्या किरणांची संख्या, पाहून घाबरू नका. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये नैसर्गिकरीत्याच सुमारे 31 बेकरेल (सेकंदाला 31 अणूंचं विघटन) असतात, आणि दुधात पोटॅशियम भरपूर. ते 1461 वर दिसतं. सोडियम आयोडाइड डिटेक्टरला जवळच्या ऊर्जा नीट वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून त्यावर बिस्मथ-214 ची 609 ची रेषा सिझियमच्या 662 मध्ये मिसळते, आणि नसलेलं सिझियम ‘सापडतं’. अशा वेळी 1120 आणि 1765 पाहा. तिथेही शिखरं असतील तर ते सिझियम नसून रेडियमपासून तयार झालेलं बिस्मथ आहे. माती किंवा ग्रॅनाइटमधलं रेडियम मोजायचं असेल तर रेडॉन आतच साठावा म्हणून डबा हवाबंद करून जवळजवळ चार आठवडे ठेवावा लागतो. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड, पण त्याशिवाय आकडा कमीच येतो.

काही सापडलं नाही तर अहवालात शून्य लिहू नका. तुमच्या यंत्राला, तेवढ्या वेळात, कितीपेक्षा कमी दिसू शकत नाही तो आकडा लिहा. शंभर काउंट्सवर दहा टक्के अनिश्चितता असते, दहा हजारांवर एक टक्का. बॅकग्राउंडही (नमुना नसतानाचं रीडिंग) नमुन्याइतकाच वेळ घ्या, गेल्या वर्षीचा नको.

चेक सोर्सच्या (मीटर तपासायला वापरायच्या छोट्या सोर्सच्या) जुन्या प्रमाणपत्रातला आकडा तसाच वापरणं ही नेहमीची चूक. कोबाल्ट-60 दरवर्षी सुमारे 12 टक्के घटतो, सिझियम-137 सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

मीटर कॅलिब्रेशनसाठी मुंबईला पाठवण्याआधी, ठरावीक अंतरावर तोच चेक सोर्स ठेवून रीडिंग वहीत टिपा. घाट उतरून-चढून आलेल्या मीटरची केबल सैल झालेली असू शकते. परत आल्यावर त्याच जागी पुन्हा मोजा, आणि नवा गुणक धरून दोन्ही आकडे जुळले तरच मीटर कामावर काढा.