पॉप गाण्याच्या कॉर्ड्स उलगडायच्या? आधी सा शोधा

गाण्याच्या कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, यादी हल्ली शोधली की मिळते. पण 'सी, जी, ए मायनर, एफ' एवढं हातात आलं म्हणजे गाणं कळलं, असं होत नाही. या कॉर्ड्सचं सा शी नातं काय, हे समजलं की गाणं उलगडतं. म्हणून सुरुवात सा पासून करायची.

आधी वाद्य बाजूला ठेवून गाणं दोनदा नुसतं ऐका. कागदावर मुखडा, अंतरा, ब्रिज (एकदाच येणारा मधला वेगळा भाग) असे भाग पाडा आणि प्रत्येकात चार मात्रांचे किती बार आहेत ते मोजा. कॉर्ड बहुधा बारच्या पहिल्या मात्रेवर बदलते, त्यामुळे ही मोजदाद पुढे कामी येते.

मग मुखडा जिथे संपतो तिथे गाणं थांबवा. कुठल्या सुरावर आलं की विसावल्यासारखं वाटतं? तो गुणगुणा आणि कीबोर्डवर शोधा. तो तुमचा सा. अंदाज चुकला असेल, तर पुढे कॉर्ड्स लावताना ते लक्षात येईलच.

आता बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरात वाजणारं वाद्य. फोनच्या स्पीकरवर तो नीट ऐकू येत नाही, हेडफोन लावा. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला बेस जो सूर धरतो तो खालच्या आवाजात गाऊन बघा आणि लिहून ठेवा. बहुतेक वेळा तोच कॉर्डचा मूळ सूर असतो. बहुतेक वेळा म्हणतो, कारण सी मेजर वाजत असताना बेस ई धरू शकतो. लिहिलेली कॉर्ड गाण्याबरोबर वाजवून खटकली, तर आधी इथे शंका घ्या.

कॉर्ड मेजर की मायनर, हे तिच्या गंधारावरून ठरतं. कॉर्डचा मूळ सूर सा धरला, तर शुद्ध ग म्हणजे मेजर, कोमल ग म्हणजे मायनर. दोन्ही वाजवून पाहा, कान लगेच निवड करतो.

यानंतर नावं पुसून आकडे लिहा, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर सा पासून कितवा ते. मेजर स्केलमध्ये १, ४, ५ या मेजर, २, ३, ६ या मायनर आणि ७ ही डिमिनिश्ड (कोमल ग, शिवाय प अर्ध्या सुराने खाली). सी हा सा असेल तर वरची यादी १-५-६-४ होते, म्हणजे मूळ सूर सा, प, ध, म. बीटल्सच्या 'लेट इट बी'ची सुरुवात हीच आहे. आकड्यांचा खरा फायदा पट्टी बदलते तेव्हा दिसतो. व्हिटनी ह्यूस्टनच्या 'आय विल ऑलवेज लव्ह यू'मध्ये (१९९२) शेवटच्या मुखड्याआधी ड्रमचा एक ठोका पडतो आणि पट्टी ए मेजरवरून बी मेजरवर जाते. कॉर्ड्सची नावं बदलतात, पण मुखड्याचं १-६-४-५ तसंच राहतं. सरकला तो सा.

खरी कसोटी पुढे आहे. ए मायनर, एफ, सी, जी असं फिरत राहणारं गाणं घ्या. सा ए की सी? कॉर्ड्स दोन्हीकडे त्याच. आवर्तनाची पहिली कॉर्ड एकीकडे ओढते, गायकाच्या ओळीचा शेवट कधी दुसरीकडे. मी गायकाच्या बाजूने कौल देतो, कारण ऐकणारा त्याच्याच मागे जातो. काही गाणी मात्र मुद्दाम अधांतरी ठेवलेली असतात. तिथे ओढून-ताणून निर्णय करू नका, दोन्ही वाचनं लिहा.

परकी कॉर्ड दिसली की पट्टी बदलली, असंही नाही. सी मेजरमध्ये मध्येच एफ मायनर आली तर कोमल ध डोकावतो, एवढंच. सा जागचा हलत नाही. डी मेजर आली तर तीव्र म येतो आणि ओढ जी कडे लागते. पुढच्या एक-दोन बारमध्ये शुद्ध म परतला आणि ओळ सी वरच विसावली, तर ती नुसती छटा. पण ए मायनर, डी, जी असं जाऊन गाणं जी वर ठाण मांडून बसलं आणि तो तीव्र मही टिकून राहिला, तर सा जी वर गेला. इथे ए मायनर हा दुवा: सी मध्ये ६, जी मध्ये २. कागदावर तिच्याखाली दोन्ही आकडे लिहा, वळण नेमकं तिथे आहे.

सवय लावायची तर बियॉन्सेचं 'लव्ह ऑन टॉप' (२०११) घ्या. शेवटाकडे पट्टी चार वेळा अर्ध्या-अर्ध्या सुराने चढते, सी पासून ई पर्यंत. गाणं चालू असताना सुरुवातीचा सी तंबोऱ्यासारखा धरून ठेवा. जिथे तो पहिल्यांदा टोचेल तिथे थांबवा, नवा सा गुणगुणा, वेळ लिहा आणि पुढे चला.