जीएमआरटीच्या डेटातून इमेज काढताना या चुका टाळा

जळगावात माझ्याकडे एम.एस्सी.ची मुलं येतात. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा खुला डेटा उतरवतात आणि दुसऱ्याच दिवशी विचारतात, "सर, इमेज कधी निघेल?" सगळं तिथेच बिघडतं.

डेटा डोळ्यांनी न बघता पुढे जाणं, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक. गेल्या मे महिन्यात एक जण ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासची इमेज घेऊन आला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपे पट्टे. त्याने क्लीनचे (इमेज साफ करणाऱ्या प्रक्रियेचे) फेरे दहा हजारांवरून लाखावर नेले, भर उन्हाळ्यात दोन रात्री कॉम्प्युटर तापवला, पट्टे हलले नाहीत. मी त्याला फेज कॅलिब्रेटरच्या (तुलनेसाठी मधूनमधून बघितलेल्या ओळखीच्या स्रोताच्या) अॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, वेळेनुसार आलेख एकेका अँटेनासाठी काढायला बसवलं. बाकीच्या रेषा सपाट. दुर्बिणीच्या दक्षिण बाहूवरची एक अँटेना मात्र दर स्कॅनला (कॅलिब्रेटर बघण्याच्या दर खेपेला) वरखाली. इमेज अँटेनांच्या जोड्यांच्या सिग्नलांतून बनते; तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि एक बिघडली की २९ जोड्या नासतात. ती काढून कॅलिब्रेशन (सिग्नलमधल्या चुकांची दुरुस्ती) पुन्हा केलं, पट्टे गेले. निंदणी न करता कपाशीला खत घातलं तर तणच माजतं, हे आपल्या खान्देशात कोणाला सांगायला नको.

खराब डेटा आपोआप वगळणारं ऑटो-फ्लॅगिंग मीही वापरतो, पण नंतर. आधी वहीच्या एका पानावर सगळ्या अँटेना लिहितो आणि बघून झालेल्या प्रत्येकीपुढे खूण करतो.

दुसरी चूक सेल्फ-कॅलिब्रेशनमधली, म्हणजे निघालेल्या इमेजलाच मॉडेल धरून पुन्हा कॅलिब्रेशन करण्यातली. कमी फ्रिक्वेन्सीला आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) फेज, म्हणजे लहरींचा ताळमेळ, पिळवटून टाकतो, म्हणून आधी दोन-तीन फेऱ्या फक्त फेजच्या करा. पहिल्याच फेरीत अॅम्प्लिट्यूड सोडवलात, तेही मिनिटामिनिटाला, तर मॉडेलमध्ये चुकून शिरलेला खोटा स्रोत दर फेरीत ठळक होतो आणि खरे मंद स्रोत दबतात. शंका आली की तो ठिपका मॉडेलमधून काढा, नुसत्या फेजवर पुन्हा चालवा. खरा असेल तर परत येईल.

इमेज काढताना बीमच्या (दुर्बिणीला दिसणाऱ्या सर्वांत बारीक ठिपक्याच्या) रुंदीत चार तरी पिक्सेल ठेवा. डब्ल्यू-प्रोजेक्शन (आकाश सपाट नसल्याची भरपाई) बंद ठेवू नका, कडेचे स्रोत फाटतात. फील्डबाहेरचा (बघितलेल्या आकाशाच्या तुकड्याबाहेरचा) तेजस्वी स्रोतही मॉडेलमध्ये घ्या. प्रायमरी बीम करेक्शन (कडेला घटणाऱ्या संवेदनशीलतेची भरपाई) केल्याशिवाय कडेच्या स्रोताचा फ्लक्स, म्हणजे तेज, कोणाला सांगू नका, तो कमीच भरतो.

आणि हे सगळे टप्पे आपोआप करणारी तयार पाइपलाइन? जरूर वापरा, पण एका रात्रीचा डेटा आधी हाताने करून मला दाखवा.