झड लागली की आधी खुराड्याची गादी बघा, पिसे उपटणे तिथूनच सुरू होते

पावसाची झड लागते, चार-पाच दिवस कोंबड्या बाहेर सोडता येत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात एखादीची शेपटीच्या मुळाशी कातडी उघडी पडलेली दिसते. मग धावपळ सुरू होते. कुणी टॉनिक आणतो, कुणी कॅल्शियम, कुणी अंगावर मारायचा फवारा. पायाखालची गादी, म्हणजे खुराड्यात अंथरलेला तुसाचा-भुशाचा थर, मात्र कुणी बघत नाही. ती ओली होऊन, विष्ठेने दबून फरशीसारखी घट्ट झालेली असते. परसातल्या चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या या एका दुर्लक्षापायी जाताना मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की पिसांची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: गादी शेवटची कधी हलवली?

कोंबडी दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. पोट भरलेले असले तरी तिला ते लागतेच. खाली उकरायला काही उरले नाही की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. याला भांडण समजू नका. भांडणातली टोच डोक्यावर आणि तुऱ्यावर बसते, आरडाओरडा होतो, आपल्याला कळते. पिसे उपटणारी कोंबडी मागून येते, शेपटीजवळ चोच घालते, एक पीस ओढते आणि गिळते. गडबड होत नाही, म्हणून पाठ उघडी पडेपर्यंत लक्षात येत नाही. एकीचे बघून दुसरी शिकते. सवय लागली की ती मोडायला महिने जातात, काही वेळा मोडतच नाही.

एक खूण सांगतो. निरोगी खुराड्यात गादीवर चार सुटी पिसे पडलेली असतातच. कोंबड्यांच्या पाठी विरळ झाल्या आहेत आणि खाली एकही पीस दिसत नाही, तर ती पिसे पोटात जात आहेत. त्याच दिवशी कामाला लागा.

गादीची परीक्षा सोपी आहे. खालच्या थरातले मूठभर तूस घ्या आणि आवळा. मूठ उघडल्यावर भुरभुर सुटले तर ठीक. लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. मग खाली बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळ्यांना झोंबले तर अमोनिया साचला आहे. आपण उभे असतो तिथे तो वास येत नाही, कोंबडी मात्र चोवीस तास त्यातच असते.

गादीची कामे:
- जाडी किमान ३ ते ४ इंच. तूस, लाकडाचा भुसा किंवा कापलेले कोरडे गवत.
- रोज एकदा खालीवर हलवणे. झडीत सकाळ-संध्याकाळ.
- घट्ट झालेले पापुद्रे आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग काढून टाकणे, कोरडे तूस घालणे.
- पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर, विटांवर किंवा जाळीवर.
- पावसाळ्यापुरते कोरडे तूस पोत्यांत भरून आधीच ठेवणे. झड लागल्यावर कोरडे काही मिळत नाही.

हे शेवटचे काम सगळ्यात जास्त राहून जाते. पाऊस येण्याआधीच करून ठेवा.

गादी मोकळी झाली की तिच्यात मूठ-मूठ धान्य विखरा. कोंबडीमागे १० ग्रॅमच्या आसपास, दुपारनंतर. भांड्यात दिलेले धान्य पाच मिनिटांत संपते, तेच गादीत पडले की कोंबड्या तासभर उकरत बसतात. पालेभाजीची जुडी किंवा कोबीचा गड्डा डोक्याच्या उंचीवर टांगा. कोरड्या गवताची पेंढी न सोडता कोपऱ्यात टाका. माझा असा अंदाज आहे की कोंबड्या पिसे खातात त्यामागे चोथ्याची भूकही असते, कारण गवताची पेंढी पडली की टोचणे कमी झालेले दिसते. गोळीखाद्य देत असाल तर झडीच्या दिवसांत मॅश, म्हणजे भरडलेले सुटे खाद्य, द्या. गोळ्या पटकन संपतात आणि उरलेला वेळ चोचीला काम राहत नाही.

आता खाद्य. पीस जवळपास ९० टक्के प्रथिनांचेच असते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने हवीत. नुसत्या मक्यात ती ८-९ टक्केच असतात. पाऊस आहे म्हणून किडे-गवत बंद, आणि वर नुसता दाणा चालू, असे झाले की तूट पडणारच. खाद्य घरी मिसळत असाल तर पेंड किंवा मासळीची कुटी वाढवा, आणि १०० किलो खाद्यात ३०० ते ४०० ग्रॅम मीठ पडते का ते तपासा. मीठ कमी पडले तरी कोंबड्या पिसांच्या आणि रक्ताच्या मागे लागतात. तयार खाद्यात मीठ असतेच, त्यात वरून घालू नका. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. बुरशीचा वास येणारे खाद्य कोंबड्यांना घालू नका.

दुकानदार इथेच गाठतो. पिसांचे टॉनिक, लिव्हर टॉनिक, मेथिओनिनची बाटली, जीवनसत्त्वांची पुडी. मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) पिसांना लागते हे खरे आहे, पण अंड्यावरच्या कोंबडीच्या संतुलित तयार खाद्यात ते आधीच घातलेले असते. ओल्या गादीवर उभ्या असलेल्या कोंबडीला बाटली पाजून काही होत नाही. ते पैसे तुसाला आणि पेंडीला घाला.

मोठ्या कोंबडीची चोच घरी कापायचा सल्लाही कुणीतरी देतो. कापू नका. चोचीच्या टोकात नसा असतात, वेदना होतात, रक्त येते, खाणे सुटते. आणि उकरायला काही नसेल तर चोच कापलेली कोंबडीसुद्धा टोचतच राहते.

बाकीची तपासणी:
- जागा: आत कोंबडीमागे ४ चौरस फूट, बाहेर ८ ते १०.
- रात्री बसायची दांडी: कोंबडीमागे २० सेंमी लांबी.
- अंड्याची पेटी: ४-५ कोंबड्यांमागे एक, अंधारी, तोंडाला गोणपाटाचा पडदा. अंडे घातल्यावर गुदद्वार थोडा वेळ लाल दिसते, उजेडात दुसऱ्या कोंबड्या तिथेच टोचतात.
- दिवा: मंद. उजेड एकूण १४ ते १६ तास.
- अंग घोळायला राखमातीचा खड्डा छपराखाली, कोरडा.
- नवीन कोंबड्या आधी काही दिवस जाळीपलीकडे, मगच एकत्र.

रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू आणि फळ्यांच्या फटी बघा. लाल कोळी (गोचिडीच्या जातीचा बारीक जीव) दिवसा फटींत लपतो आणि रात्री रक्त पितो. बेचैन कोंबडी स्वतःची पिसेही ओरबाडते.

नुकसान कुठे झाले आहे तेही नीट बघा. पीसगळ (जुनी पिसे आपोआप गळून नवी येणे) डोक्या-मानेपासून सुरू होऊन मागे सरकते आणि नवी पिसे लगेच डोकावतात. कोंबड्याच्या चढण्याने पाठ आणि डोक्याच्या मागची पिसे झिजतात. शेपटीचे मूळ आणि गुदद्वाराभोवतीचा भाग उघडा, पिसांचे खुंट तुटलेले, तर ते टोचणेच.

रक्त दिसले की थांबू नका. ती कोंबडी त्याच क्षणी बाजूला काढा. लाल रंग दिसला की सगळा कळप तुटून पडतो आणि काही तासांत आतडी बाहेर येऊ शकतात. जखम पोव्हिडोन आयोडीनने किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा. भोवती कडुनिंबाचे तेल लावा. कडू चवीने टोचणे कमी होते असा माझा अनुभव आहे, आणि पावसाळ्यात माश्याही लांब राहतात. जखमेत अळ्या दिसल्या किंवा गुदद्वार बाहेर आले तर थेट पशुवैद्यकाकडे न्या.

मग टोचणारी शोधा. सगळ्यांची पिसे विस्कटलेली असताना जिची पिसे अखंड आणि तुकतुकीत आहेत, संशय आधी तिच्यावर घ्या. अर्धा तास लांबून बघितले की खात्री होते. तिला आठवडाभर वेगळी ठेवा. परत आल्यावर कळपातला तिचा मान उतरलेला असतो, बऱ्याच जणी त्यानंतर शांत होतात.

मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत परत येते, तुटलेला खुंट मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसाच राहतो. नवे पीस येताना त्याच्या नळीत रक्त असते. त्यावर एक टोच बसली तरी पुन्हा रक्त येते, म्हणून पाठ भरेपर्यंत ती कोंबडी जाळीआड ठेवा आणि गादी हलवणे एक दिवसही चुकवू नका.