परदेशात मिशन हॉस्पिटलमध्ये सेवेला जाताय? या चुका टाळा

ख्रिस्ती मिशनचं हॉस्पिटल तुम्ही येण्याआधी चालू असतं आणि तुम्ही परतल्यावरही चालू राहणार असतं. हे लक्षात न ठेवता जाणाऱ्या डॉक्टर-नर्सचा, मन कितीही चांगलं असलं तरी, तिथल्या कमी माणसांवर भार पडतो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

तिकीट आधी, परवाना नंतर

सेवा विनामोबदला असली तरी रुग्ण तपासायला त्या देशाच्या मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. पुष्कळ देशांत बिनपगारी कामही कामच धरतात, त्यामुळे टुरिस्ट व्हिसावर वॉर्डात उभं राहिलात तर अडचण तुमच्याइतकीच हॉस्पिटलचीही होते. कागद सहसा पदवी आणि नोंदणी प्रमाणपत्रावर अडत नाहीत, अडतात ते ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्रावर, म्हणजे तुमच्यावर कारवाई झालेली नाही असं तुमच्या कौन्सिलने दिलेल्या दाखल्यावर. ते अलीकडचंच असावं लागतं आणि अनेक ठिकाणी एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे थेट जावं लागतं. फार लवकर काढलं तर मुदत संपते, उशिरा काढलं तर पोचत नाही. किती महिन्यांपर्यंतचं चालतं हे हॉस्पिटलच्या कार्यालयाला आधी विचारा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली असू द्या. तयारी सात-आठ महिने आधी सुरू करावी, कारण लसी आणि त्यानंतरच्या तपासणीलाही तेवढाच वेळ लागतो.

लसी आणि मलेरियाच्या गोळ्या

हिपॅटायटिस बीचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी घेतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. पातळी 10 युनिटांच्या खाली असेल तर संरक्षण मिळालं असं धरू नका. पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य असतं, म्हणजे निघण्याच्या आठवड्यात लस घेतली तर विमानतळावर अडवतील. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पुन्हा लस घ्यायची गरज नाही.

मलेरियाच्या गोळ्यांची चूक बहुधा परत आल्यावर होते. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन मलेरियाचा भाग सोडल्यानंतर चार आठवडे घ्यावी लागतात, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. घरी पोचताच गोळ्या थांबवल्या की यकृतातून बाहेर पडणारे परजीवी रक्तात मोकळे सुटतात. मेफ्लोक्विन निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करा, म्हणजे झोप उडणं, घाबरल्यासारखं होणं असा त्रास घरीच कळेल आणि औषध बदलता येईल. परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठून आलात हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

सुई टोचली तर काय, हे न विचारता कामाला लागणं

पहिल्याच दिवशी विचारा: एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं कुठे ठेवली आहेत आणि रात्री किल्ली कोणाकडे असते? सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ब्लीच किंवा तसलं जळजळीत रसायन ओतू नका. लगेच कळवा, रुग्णाची तपासणी करून घ्या. पहिला डोस काही तासांत घेतलेला उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा असतो. ‘रुग्ण तसा वाटत नव्हता’ म्हणून डोस लांबवणं ही सर्वांत महाग पडणारी चूक.

बॅगा भरून औषधं आणि यंत्रं नेणं

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की दान केलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर शिल्लक असावी आणि लेबलवर जेनेरिक नाव असावं. अर्धवट वापरलेल्या पट्ट्या आणि सॅम्पल घरीच राहू द्या. त्यांची छाननी करण्यात फार्मसीचा वेळ जातो, आणि मुदत संपलेली औषधं सुरक्षित नष्ट करायला हॉस्पिटललाच पैसे मोजावे लागतात.

यंत्रांचं दुखणं वेगळं. 110 व्होल्टचं यंत्र 230 व्होल्टला लावलं की जळतं, हे बहुतेकांना माहीत असतं. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तनं, हर्ट्झमध्ये) नाही, हे लक्षात राहत नाही. 60 हर्ट्झसाठी बनवलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर 50 हर्ट्झवर हळू फिरतो, तापतो, आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. यंत्राचा आवाज नेहमीसारखाच येतो, त्यामुळे बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) का चढत नाही हे कोणाला उमगत नाही. अशा वेळी बाळाला दुसऱ्या स्रोतावर हलवा, मग नळीच्या टोकाशी ऑक्सिजन ॲनालायझर लावून शुद्धता मोजा. 82 टक्क्यांखाली असेल तर यंत्र बाजूला काढा. आधी धुळीने बुजलेला फिल्टर पाहा, मग स्टॅबिलायझर, शेवटी यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेली फ्रिक्वेन्सी. काहीही नेण्याआधी तिथल्या बायोमेडिकल तंत्रज्ञाला विचारा, आणि ज्या यंत्राला एकाच कंपनीची कार्ट्रिज लागते ते नेऊच नका.

घरचा प्रोटोकॉल जसाच्या तसा वापरणं

युगांडा, केनिया आणि टांझानियात झालेल्या ‘फीस्ट’ अभ्यासाचे निकाल 2011 साली आले. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण खालावलेल्या मुलांना सलाइनचा बोलस (थोड्या वेळात झपाट्याने दिलेला मोठा डोस) दिला, तेव्हा 48 तासांत 10.5 टक्के मुलं दगावली. बोलस न दिलेल्या गटात हे प्रमाण 7.3 टक्के होतं. आयसीयू आणि व्हेंटिलेटर नसलेल्या वॉर्डात, मलेरिया आणि रक्तक्षय असलेल्या मुलावर, आपल्या हाताला लागलेली सवयच घातक ठरू शकते. कुपोषित मुलाला तर आणखी जपावं लागतं. आधी एफ-75 (कुपोषणावरचं सुरुवातीचं हलकं दूध), भूक परतल्यावरच एफ-100 (त्याहून ताकदीचं दूध) किंवा तयार पोषक आहार. म्हणून पहिले काही दिवस तिथल्या डॉक्टर, क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले पण रुग्ण तपासणारे प्रशिक्षित कर्मचारी) आणि सिस्टरांच्या मागे राउंडला फिरा. मलेरिया, टीबी, टिटॅनस त्यांनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलेले असतात.

तपासण्या लिहितानाही हात आवरता घ्या. अनेक मिशन हॉस्पिटलांत बिल कुटुंबच भरतं, आणि ‘बघून तर घेऊ’ म्हणून लिहिलेल्या तपासणीसाठी एखाद्या घरची शेळी विकली जाते. निकालाने उपचार बदलणार नसेल तर तपासणी लिहू नका.

प्रार्थनेबाबत दोन टोकं

सकाळची उपासना हा तिथल्या दिवसाचा भाग असतो आणि दिवसाच्या सूचना बहुधा तिथेच मिळतात. श्रद्धा वेगळी असली तरी शांतपणे बसा. दुसरं टोक म्हणजे खाटेवरच्या, हतबल माणसावर आपली श्रद्धा लादणं. प्रार्थना करू का, असं विचारा. नको म्हणाला तर उपचारात आणि आवाजात फरक पडता कामा नये. अवघड बोलणं असेल तर चॅपलनला (हॉस्पिटलच्या धर्मगुरूंना) बोलवा, त्यांना भाषा आणि घरची परिस्थिती ठाऊक असते.

रुग्णांचे फोटो पोस्ट करू नका. उपचार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं रुग्णाला जमत नाही, त्यामुळे ती संमती खरी नसते.

शेवटच्या दिवसापर्यंत मोठी ऑपरेशनं करणं

आतड्याचा जोड सुटतो तो साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, आणि तुम्ही तेव्हा विमानात असता. थांबू शकणारी मोठी ऑपरेशनं निघण्याच्या आठवडाभर आधी बंद करा. प्रत्येक रुग्णाचं निदान, केलेलं काम, ड्रेन (जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी) कधी काढायचा आणि काय बिघडलं तर काय करायचं हे फाइलमध्ये सुवाच्य लिहा, आणि जबाबदारी घेणाऱ्यासोबत खाटेशी उभं राहून सोपवा.

घरी परतल्यावर आठ ते दहा आठवड्यांनी टीबीची चाचणी करून घ्या. त्याआधी केलेली निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.