पोर्तुगालमध्ये नवीन आलात? बाहेर जेवताना रेड वाईन कशी मागवायची

घर मिळालं, कागदपत्रं मार्गी लागली की पहिला लाँग वीकेंड येतो आणि आपली मंडळी एव्होरा, पोर्तो नाहीतर समुद्राकडे सुटतात. मग कुणाचा तरी मेसेज येतोच : "वाईनची दोन पानी यादी आहे, यातलं काय मागवू?" माझं उत्तर ठरलेलं. यादी मिटवा आणि घरची मागा.

"व्हिन्यू दा काझा" म्हणजे त्या खानावळीची रोजची वाईन. ती सुरईतून येते. सुरईला इथे "जारू" म्हणतात आणि पाव लिटर, अर्धा लिटर, लिटर अशी त्याची मापं असतात. दोघांना अर्धा लिटर पुरते. "मेयू लीत्रू द तिंतू दा काझा, स फाश फावोर" एवढं म्हणता आलं की काम झालं. तिंतू म्हणजे रेड. साध्या ताश्कात, म्हणजे कागदी टेबलक्लॉथवाल्या छोट्या खानावळीत, अर्ध्या लिटरचे साधारण चार ते सहा युरो होतात. बाटलीच हवी असेल तर दहा ते पंधरा युरोत चांगली मिळते. त्याहून महाग बाटलीकडे सुरुवातीला वळूही नका.

हे सगळं लिस्बनच्या बायशातल्या, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यवस्तीतल्या, त्या हॉटेलांना लागू नाही, जिथे मेन्यूवर फोटो असतात आणि दारात उभा माणूस "हॅलो माय फ्रेंड" करतो. तिथे घरची वाईनही महाग आणि बहुतेक वेळा सुमार. दोन गल्ल्या आत चला. दुपारी साडेबारा-एकला जिथे बांधकामावरची माणसं आणि बँकेतले कारकून एकाच बाकावर बसलेले दिसतील, टीव्ही चालू असेल आणि "प्रातू दू दीया" म्हणजे आजचा पदार्थ कागदावर हाताने लिहून दाराला चिकटवलेला असेल, तिथे शिरा. अशा ठिकाणी वेटर अजूनही कधी कधी टेबलावरच्या कागदावरच बेरीज करून दाखवतो.

बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीजचा छोटा तुकडा समोर येईल. ते फुकट नाही. त्याला "कुव्हेर" म्हणतात. हात लावलात तर पैसे, नाही लावलात तर नाही. नको असेल तर "नाऊं, ओब्रिगादू" म्हणून परत पाठवा (बायकांनी "ओब्रिगादा"). कुणी रागावत नाही. मी मात्र ऑलिव्ह ठेवून घेतो.

इतक्या स्वस्तात बरी वाईन मिळते कशी, हे कोडं आपल्याला पडतंच. कारण भारतात वाईन म्हणजे एकतर नाशिकची, वाढदिवसाला उघडायची, नाहीतर गोव्याहून आणलेली गोड पोर्ट वाईन. इथे ती जेवणातलाच एक पदार्थ आहे. शिवाय गावोगावी सहकारी वायनरी आहेत. आपल्याकडे ऊस जसा सहकारी साखर कारखान्यात जातो, तशी छोट्या शेतकऱ्यांची द्राक्षं तिथे जातात. आलेन्तेजू या दक्षिणेकडच्या भागातल्या बोर्बाची सहकारी वायनरी 1955 सालची आहे. पाल्मेला, रेदोंदू, रेगेंगुश इथेही अशाच आहेत. त्यांची वाईन पाच-दहा लिटरच्या खोक्यातूनही विकली जाते आणि जारूत येणारी बरेचदा त्याच खोक्यातली असते. खोकं दिसलं म्हणून नाक मुरडू नका.

दुसरा नियम : जिथे बसला आहात तिथलीच प्या. आलेन्तेजूतल्या एव्होरात बसून उत्तरेकडच्या दोउरोची बाटली मागवण्यात अर्थ नाही.

आलेन्तेजूपासून सुरुवात करा, कारण नवख्या जिभेला ती लवकर मानवते. ऊन भरपूर, द्राक्षं पूर्ण पिकलेली, त्यामुळे वाईन मऊ, फळाळ, तुरटपणा बेताचा. आरागोनेझ, त्रिंकादैरा आणि आलिकांते बुशे ही द्राक्षांची नावं लेबलवर सतत दिसतील. आलिकांते बुशेचा गरसुद्धा लाल असतो, म्हणून रंग असा गडद की पांढऱ्या शर्टवर सांडली तर शर्ट गेलाच. मात्र अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास जातं, तेव्हा पाण्याचा ग्लास शेजारी हवा. ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळिशी गाठतो आणि फळीवर ठेवलेली रेड कोमट लागते. निःसंकोच सांगा, "माइश फ्रेश्कू", म्हणजे जरा गार. वेटर ती थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवेल. रेड गार करत नाहीत हा नियम चाळीस अंशांत बसून कुणी केलेला नाही.

याच भागात आपल्या शाकाहारी मंडळींची सोय होते. आलेन्तेजूच्या स्वयंपाकात कोथिंबीर सढळ हाताने वापरतात. "आसोर्दा" मागवा : शिळा पाव, लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल, वर गरम पाणी आणि अंडं. अंडं नको असेल तर "सें ओवू". पण आधी विचारा, कारण काही ठिकाणी त्यात बाकल्याव म्हणजे सुकवलेला कॉड मासा असतो. आणि "मी मांस खात नाही" एवढंच सांगितलंत तर प्रेमाने मासा आणून ठेवतील, तेव्हा "नें कार्न, नें पैश" असं दोन्ही सांगा. काल्दू व्हेर्द या पालेभाजीच्या सुपातही सॉसेजची चकती तरंगत असते.

नोव्हेंबरात आलेन्तेजूला गेलात तर "व्हिन्यू द ताल्या" सोडू नका. माणसाच्या उंचीच्या मातीच्या रांजणात द्राक्षं सालासकट आंबवतात. ही रीत रोमन काळापासूनची. सालं तळाशी बसतात आणि वाईन त्यांच्यातूनच गाळली जाऊन खालच्या तोटीतून बाहेर येते. 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, रांजण उघडतात आणि व्हिला द फ्रादेशसारख्या गावात थेट तोटीखाली ग्लास धरतात. चव थोडी रानटी, मातकट. सगळ्यांना आवडेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर दाऊंची रेड सगळ्यात कमी कौतुकाची आणि आपल्या जेवणाला सगळ्यात जवळची. व्हिझेउच्या आसपासचा हा डोंगराळ भाग, जमीन ग्रॅनाइटची, रात्री थंड. त्यामुळे वाईन हलकी, किंचित आंबटसर, तिखटाबरोबर तोंड भाजत नाही. पिरी-पिरी म्हणजे तिखट मिरचीच्या चिकनसोबत जास्त अल्कोहोलची आलेन्तेजू घेतलीत तर मिरची दुप्पट लागते. दाऊंची जाएन किंवा आल्फ्रोशैरू या द्राक्षांची वाईन घेऊन पाहा. तुरीगा नासियोनाल ही तिथली प्रसिद्ध द्राक्षं, पण त्यांची एकट्याचीच वाईन बाटलीत भरली की किंमत चढते.

दोउरोबद्दल सगळे बोलतातच. 1756 मध्ये सीमा आखून दिलेला हा भाग, पोर्ट वाईनचं घर. तिथल्या साध्या रेडही छान असतात, पण नदीकाठच्या पर्यटकी हॉटेलात जास्त पैसे निसर्गदृश्याचे मोजावे लागतात. तिथल्या रेग्वा गावाच्या आतल्या गल्ल्यांत जेवा. बायरादा भागातल्या बागा द्राक्षांची वाईन तुरट आणि आंबट, तिथल्या भाजलेल्या डुकराच्या पिल्लासोबतच ती शोभते. नुसती प्यायलात तर तोंड वाकडं होईल. लिस्बनजवळ सेतुबालला गेलात तर काश्तेलाऊं द्राक्षांची वाईन घ्या, तीन-चार युरोंनाही दुकानात उत्तम. उत्तरेकडे मिन्यू भागात "व्हिन्यू व्हेर्द" या तिथल्या वाईनची रेड पांढऱ्या वाडग्यातून देतात, जांभळी, फेसाळ आणि चांगलीच आंबट. गंमत म्हणून घ्या, जारूभर नको.

लेबलवर "रेझेर्व्हा" लिहिलेलं असलं म्हणजे ती तुम्हाला आवडेल असं नाही. बरेचदा लाकडी पिंपाचा वास जास्त असतो, बस्स.

गाडीचं मात्र गांभीर्याने घ्या. इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि लायसन्सची पहिली तीन वर्षं ती 0.2 असते. दोउरोला जायचं तर पोर्तोहून नदीकाठाने जाणारी रेल्वे घ्या. पिन्याऊं स्टेशनच्या भिंतींवर द्राक्षतोडणीची निळी-पांढरी चित्रं फरशांवर रंगवलेली आहेत, गाडीची वाट पाहताना ती बघून होतात.

बाटली संपली नाही तर बूच मागून घ्या आणि घरी न्या. बिलावर जेवणाला 13 टक्के आणि वाईनला 23 टक्के कर वेगळा दिसेल, त्यात फसवणूक नाही. वेटर "कोंत्रिब्युइंत?" म्हणजे बिलावर कर क्रमांक हवा का, असं विचारेल तेव्हा मान हलवून सोडून देऊ नका, आपला नऊ आकडी निफ, म्हणजे इथला कर क्रमांक, सांगा. हॉटेलच्या बिलांवरच्या या कराचा 15 टक्के भाग वर्षअखेरीच्या इन्कम टॅक्समधून वजा होतो. कुटुंबामागे सगळं मिळून 250 युरोंची मर्यादा आहे. निफ पाठ नसेल तर फोनमध्ये लिहून ठेवा आणि स्क्रीनच त्याच्यापुढे धरा, सगळे तसंच करतात.