ई-नियतकालिकांचा करार: सही करण्यापूर्वी
नाशिकमधल्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने ई-नियतकालिकांच्या करारावर सही करण्यापूर्वी ‘अधिकृत वापरकर्ता’ कोणाला म्हटले आहे, ते आधी वाचावे. कारण प्रवेश केवळ संकुलाच्या आयपी पत्त्यापुरता, म्हणजे महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीपुरता असेल, तर सिन्नर-दिंडोरीहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला घरून एकही लेख उघडता येणार नाही. वर्गणी थांबल्यावरही पैसे भरलेल्या वर्षांचे अंक वाचता येतील का, हे कलम लेखीच हवे; विक्री प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनाला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. नूतनीकरण आपोआप होणार असल्यास नकार कळवण्याची मुदत नोंदवहीत लाल शाईने लिहावी. नूतनीकरणापूर्वी वर्गणीला काउंटर अहवालातील (प्रकाशकाकडून ठरावीक नमुन्यात मिळणाऱ्या वापराच्या आकडेवारीतील) डाउनलोडच्या संख्येने भागून दर लेखामागचा खर्च काढावा. तेच नियतकालिक इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्टमध्ये (महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या योजनेत) आधीच मिळत नाही ना, हेही तपासावे.