इस्लामच्या आरंभकाळातील मोहिमांवर लिहिताना या चुका टाळा

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तारखांचा. हिजरी वर्षात 622 मिळवले की इसवी सन मिळतो, असे धरून अनेक जण हिशोब करतात. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवसांची तूट पडत जाते. हिजरी 92 मध्ये 622 मिळवा, उत्तर येते 714. खरे वर्ष 710-711.

पैगंबरांच्या हयातीतल्या तारखांना आणखी एक पेच आहे. त्या काळी अरबस्तानात आपल्या अधिक महिन्यासारखा एक जादा महिना धरायची रीत होती. तिला 'नसी' म्हणत. कुराणाने ती बंद केली, पण पैगंबरांच्या अखेरच्या काळात. म्हणून बद्रची लढाई '17 रमजान, हिजरी 2' लिहा, पुढे फार तर 'मार्च 624' जोडा. संगणकाने काढून दिलेली नेमकी इंग्रजी तारीख छातीठोकपणे देऊ नका.

शब्दही जपून वापरा. पैगंबर स्वतः निघाले ती मोहीम 'गझवा', दुसऱ्याच्या हाताखाली तुकडी पाठवली तर 'सरिय्या'. आणि गझवा म्हणजे लढाईच असे नाही. पैगंबरांचा आरंभीचा चरित्रकार इब्न इसहाक याच्या यादीत 27 गझवे आहेत, त्यांपैकी लढाई झाली 9 मध्ये. 630 च्या तबूक मोहिमेत तर शत्रूचे सैन्य समोर आलेच नाही. तेव्हा '27 लढाया' हे चूक. मुताच्या लढाईला (629) पैगंबर गेले नव्हते, तरी जुने अरबी ग्रंथ तिला गझवा म्हणतात. असा अपवाद दिसला तर तो तसाच नोंदवा.

मुताचे आकडेही तपासून घ्या. मुस्लिम 3 हजार, समोर 2 लाख, असे परंपरा सांगते. इराणशी पाव शतक चाललेले युद्ध 628 मध्ये नुकतेच संपवलेले पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्य एका सरहद्दीवर एवढी फौज उभी करील, हे मला पटत नाही. शिवाय हे लिहिणारे घटनेनंतर बऱ्याच काळाने झालेले: इब्न इसहाक आठव्या शतकातला, या मोहिमांचा दुसरा जुना इतिहासकार वाकिदी याचा मृत्यू 823 च्या आसपासचा. आकड्याआधी 'परंपरेनुसार' हा शब्द हवाच.

सिंधची स्वारी पैगंबरांच्या मोहिमांत घालणारेही भेटतात. पैगंबरांचे निधन 632 चे. मुहंमद बिन कासिम सिंधवर आला 711 मध्ये, उमय्या खलिफांच्या राजवटीत, म्हणजे जवळजवळ 80 वर्षांनी.